मानेच्या ऑपरेशननंतर ड्रेनमध्ये दूध दिसले तर

मंडळी, दाल बाजारातल्या नाट्य मंदिरात कार्यक्रमाला जमलो की मध्यंतरात निम्म्या गप्पा नाटकाच्या होतात आणि निम्म्या तब्येतीच्या. आपल्या सगळ्यांचे वयच आता तसे झाले आहे. गेल्या काही महिन्यांत तिथे आम्हाला एकच प्रश्न चार-पाच जणांनी विचारला. "दादांच्या ऑपरेशननंतर मानेतून ते पांढरे पाणी कसले येत होते हो?" चहाचा कप संपेपर्यंत याचे उत्तर देऊन होत नाही, आणि तेवढ्यात घंटा होते. म्हणून आज सविस्तर लिहीत आहोत.

आधीच सांगतो, आम्ही डॉक्टर नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी आणि बँकेतली नोकरी, एवढीच आमची पुंजी. पण थोरल्या बंधूंच्या उशाशी आमच्या घरच्यांनी पाळीपाळीने तीन आठवडे काढले, रोजचा हिशेब वहीत लिहिला, डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावून सोडले आणि घरी आल्यावर बरेच वाचले. त्यातून जे समजले ते इथे देत आहोत. औषधाचा निर्णय अर्थात तुमच्या डॉक्टरांचाच.

दादांना डाव्या गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला. तंबाखू चाळीस वर्षांची. मध्य प्रदेशात गुटख्यावर एप्रिल 2012 पासून बंदी आहे, महाराष्ट्रात त्याच वर्षी पुढे आली. पण पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी घेऊन तळहातावर एकत्र करणारे हात आपण सगळेच रोज बघतो. भारतातल्या पुरुषांच्या कॅन्सरमध्ये तोंडाचा कॅन्सर सर्वांत पुढे आहे, आणि तोंडाचे असे ऑपरेशन झालेला एखादा तरी माणूस आता बहुतेक घरांच्या नात्यागोत्यात सापडतो. या ऑपरेशनमध्ये गालाबरोबर बहुधा मानेतल्या गाठीही काढतात, कारण हा रोग पहिल्यांदा तिथेच पसरतो. पांढऱ्या पाण्याची गोष्ट गालाची नाही, मानेची आहे.

ऑपरेशन बाहेरगावच्या एका मोठ्या रुग्णालयात झाले. मानेतून एक बारीक नळी बाहेर काढून तिला प्लास्टिकचा दाबून चपटा केलेला डबा जोडला होता. डबा हळूहळू फुगत जातो आणि जखमेत साठणारे पाणी ओढून घेतो. याला ड्रेन म्हणतात. पहिल्या दिवशी त्यात 110 मिलिलिटर लालसर पाणी आले, दुसऱ्या दिवशी 70, तेही फिकट. सगळे ठीक चालले होते. दुसऱ्याच दिवशी नाकातल्या नळीतून डाळीचे पाणी, फळांचा रस असे थोडे थोडे सुरू झाले.

इथे आमची चूक झाली. दादा खंगलेले दिसत होते आणि वहिनींना ते बघवत नव्हते. जवळच नातेवाइकांचे घर होते. तिथून म्हशीचे घट्ट दूध, त्यात वाटून गाळलेले बदाम-काजू आणि वर दोन चमचे घरचे तूप, असे दिवसातून तीनदा येऊ लागले. नर्सना सांगितले नाही. आम्हाला सगळ्यांना ते माहीत होते, आणि मनातून बरेही वाटत होते. तिसऱ्या दिवशी ड्रेनमध्ये 310 मिलिलिटर आले, रंग तांबूस-पांढरट. चौथ्या दिवशी 640, आणि रंग अगदी दुधाचा. आम्हाला वाटले, पू झाला. वहिनी व्हरांड्यात जाऊन रडल्या.

डॉक्टर आले, डबा उजेडात धरला आणि म्हणाले, "पू नाही. काईल आहे." मग त्यांनी विचारले, "घरून काही देताय का?" आम्ही सगळे गप्प. वहिनींनीच सांगून टाकले. आम्हाला वाटले आता खरडपट्टी निघणार. पण ते म्हणाले, "तुपामुळे नळी फुटलेली नाही. फुटलेली नळी तुपामुळे दिसली. पण आता मी सांगेपर्यंत तुपाचा एक थेंबही नको."

हे वाक्य नीट कळायला आम्हाला दोन दिवस लागले. ते असे आहे.

आपण जे खातो त्यातली साखर आणि प्रथिने आतड्यातून रक्तात जातात आणि तिथून थेट यकृतात. तेल-तुपाची वाट मात्र वेगळी. आतड्याच्या आतल्या अस्तरात बारीक लसीकावाहिन्या असतात. पचलेल्या चरबीचे सूक्ष्म थेंब त्यांच्यात शिरतात आणि त्यातला पाण्यासारखा द्रव दुधासारखा पांढरा होतो. हाच काईल. मराठी परिभाषेत याला पयोलस म्हणतात, पण वॉर्डात सगळे काईलच म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणू. पोटातले आणि पायांकडून येणारे हे सगळे पाणी कमरेच्या वरच्या मणक्यांसमोर एका पिशवीवजा जागेत जमते. तिथून एक नळी वर निघते. तिचे नाव थोरॅसिक डक्ट, म्हणजे छातीतली मुख्य लसीकानळी. लांबी सुमारे 40 सेंटिमीटर, जाडी जेमतेम काही मिलिमीटर, भिंत अत्यंत पातळ. छातीत ती मणक्यांच्या उजव्या अंगाने चढते, पाठीच्या पाचव्या मणक्याच्या आसपास डावीकडे वळते आणि मानेच्या तळाशी डाव्या हंसळीमागे कमानीसारखी वाकून मोठ्या शिरांच्या संगमात रिकामी होते. दिवसाकाठी दीड-दोन लिटर द्रव, कधी त्याहूनही जास्त, या नळीतून रक्तात परत जातो.

थोडक्यात, शरीरातला चरबीचा जवळजवळ सगळा भरणा डाव्या मानेतल्या एकाच खिडकीवर होतो. कॅन्सरच्या गाठीही नेमक्या तिथल्याच चरबीत दडलेल्या असतात. सर्जन त्या काढताना नळीला किंवा तिच्या एखाद्या फाट्याला इजा होऊ शकते. हे नेहमी होत नाही. मानेच्या अशा ऑपरेशनांमध्ये साधारण शंभरात एक-दोन रुग्णांना, काही ठिकाणी त्याहून थोड्या जास्तींना होते. बहुतेक वेळा डाव्या बाजूला होते, पण उजव्या बाजूलाही छोटी लसीकानळी असते, त्यामुळे तिकडे होणारच नाही असे नाही. शिवाय प्रत्येकाच्या शरीरात ही नळी पुस्तकातल्या चित्रासारखी नसते. कुणाला दोन असतात, कुणाची शेवटी चार फाट्यांत फुटते.

मग सर्जनना ती दिसत कशी नाही, हा आमचा पुढचा प्रश्न होता. थोड्या तावातावानेच विचारला होता. उत्तर साधे निघाले. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून रुग्ण उपाशी असतो. पोटात चरबी नाही म्हणजे नळीतले पाणी पांढरे नाही, स्वच्छ आणि बिनरंगी. रक्ताने भिजलेल्या जागेत पाण्याच्या रंगाची, काडीएवढी, पातळ भिंतीची नळी ओळखणे कठीण. काळजी घेणारे सर्जन शेवटी भूल देणाऱ्या डॉक्टरांना छातीतला दाब थोडा वेळ वाढवायला सांगतात, डोक्याकडची बाजू खाली करतात आणि कुठे पाणी पाझरते का ते बघतात. तरीही एखादी गळती त्या वेळी दिसत नाही. रुग्णाच्या पोटात दूध गेले की दोन-तीन दिवसांनी ती आपोआप पांढरी होऊन समोर येते.

ही उपाशीपोटाची अडचण चारशे वर्षे जुनी आहे. 23 जुलै 1622 रोजी इटलीत मिलान येथे गास्पारे आसेल्ली या वैद्याने एका जिवंत कुत्र्याचे पोट उघडले. त्याला आतड्याच्या पडद्यावर पांढरे धागे दिसले. एकाला टोचताच दुधासारखे पाणी उडाले. त्याने दुसरा कुत्रा घेतला, तर धागे गायब. तो कुत्रा उपाशी होता. मग एकाला आधी पोटभर खाऊ घालून बघितले, आणि धागे परत दिसले. हे पांढरे पाणी यकृतात जाते, असा आसेल्लीचा समज होता. जां पेके या फ्रेंच तरुणाने 1651 मध्ये छापून दाखवले की ते यकृतात जात नाही, छातीतल्या नळीने वर चढून मानेच्या शिरेत पडते. आपल्या आयुर्वेदात अन्नापासून प्रथम रस होतो असे सांगितले आहेच, आणि दादांच्या खोलीत एका पाहुण्यांनी त्यावर अर्धा तास व्याख्यान दिले. पण रस कोणत्या नळीतून कुठे जातो, हे चिरून बघितल्याशिवाय कळणारे नव्हते.

गळतीने नेमके काय बिघडते? पाणीच तर जाते, असे आम्हाला वाटले होते. पण त्या पाण्याबरोबर चरबी जाते, प्रथिने जातात, मीठ जाते, अ, ड, ई, के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वे जातात आणि रोगाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट नावाच्या पेशी मोठ्या संख्येने जातात. रोज अर्धा-एक लिटर असे गेले की माणूस बघता बघता खालावतो आणि त्याला जंतुसंसर्ग पटकन होतो. काईल स्वतः सहसा कुजत नाही, जंतू त्यात फारसे वाढत नाहीत. पण तो कातडीखाली साठला तर कातडी उचलली जाते, टाके सुटू शकतात, आणि बाजूलाच मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी असते. चौथी गोष्ट डॉक्टरांनी सांगितली तेव्हा आम्हाला प्रकरणाचे गांभीर्य समजले. दादांना पुढे रेडिएशन लागणार होते, आणि ते ऑपरेशनपासून साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवे. जखम भरली नाही तर रेडिएशन लांबते, आणि ते लांबले तर कॅन्सर परत येण्याची भीती वाढते. ड्रेनच्या डब्यातला एकेक दिवस त्या सहा आठवड्यांतून वजा होत होता.

निदानासाठी फार काही लागले नाही. डब्यातले थोडे पाणी प्रयोगशाळेत पाठवले. त्यात ट्रायग्लिसराइड, म्हणजे एक प्रकारची चरबी, डेसिलिटरला 110 मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघाली तर काईल समजतात, आणि 50 पेक्षा कमी असेल तर बहुधा नाही. दादांचा आकडा कितीतरी वर होता. ज्या रुग्णाला अजून चरबी दिलेलीच नाही त्याच्या ड्रेनचा रंग फसवू शकतो, हे लक्षात ठेवावे. पाणी स्वच्छ आहे पण रोज भरपूर येते आहे, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे नळीतली वाहतूक कमी करणे. गळणाऱ्या पाइपाला आपण आधी कॉक बंद करतो, तसेच. दादांना डोके उंच ठेवून झोपवले. खोकला, शौचाला कुंथणे, जड उचलणे यांनी छाती-पोटातला दाब वाढून काईल वर ढकलला जातो, म्हणून खोकल्याचे आणि पोट साफ राहण्याचे औषध सुरू झाले. मानेवर दाबपट्टी बांधली. ही पट्टी किती उपयोगाची, आणि ड्रेनला ओढ द्यावी की नुसता वाहू द्यावा, यावर डॉक्टरांमध्ये एकमत नाही असे दिसले. आहाराबाबत मात्र सगळे एका सुरात बोलतात. चरबी बंद.

आता मंडळी, आपल्या स्वयंपाकघरात चरबी बंद म्हणजे काय, याचा विचार करा. वरण-भातावर तूप नाही. फोडणी नाही. सायीचे दूध नाही. शेंगदाण्याचे कूट नाही, म्हणजे साबूदाण्याची खिचडी नाही. खोबरे नाही. मुरैनाहून कुणीतरी प्रेमाने गजक घेऊन आले. तिळात शंभर ग्रॅमला 40 ग्रॅमहून जास्त तेल असते, तोही डबा परत. आजाऱ्याला ताकद यावी म्हणून आपण जे जे देतो ते नेमके यादीतून बाद. वहिनींना हे पचायला सगळ्यांत जड गेले. त्यांच्या लेखी तूप न घातलेले वरण हे उपासमारच.

तेव्हा घरी ग्वाल्हेरला असलेल्यांनी एक बरे काम केले. दाल बाजारात जाऊन, दुकानातल्या गोण्या बघत, उलट यादी बनवली की चालेल असे काय काय आहे. आपला दाल बाजार म्हणजे डाळी, धान्य, तेल, तूप, मेवा, सगळे एकाच रस्त्यावर, त्यामुळे चालणारे आणि न चालणारे शेजारीशेजारी उभे. आहारतज्ज्ञ बाईंनी मग आकड्यांवर शिक्का मारला. मसूर डाळीत शंभर ग्रॅमला एक ग्रॅमहूनही कमी चरबी, मुगाच्या डाळीत सव्वाच्या आसपास, तुरीत दीड-पावणेदोन, उडदातही साधारण तेवढीच. हरभऱ्याच्या डाळीत मात्र पाच-साडेपाच, म्हणजे बेसन आले तिथे जपून. सोयाबीनमध्ये वीसच्या जवळ. प्रथिनांसाठी चांगले म्हणून कुणी सोयाबीन सुचवतात, इथे ते उपयोगी नाही. भात, पोहे, साबूदाणा, मुरमुरे, साखर, मध, गूळ, फळांचे रस, उकडलेला बटाटा, सगळे चालते. अंड्याचा पांढरा भाग चालतो, पिवळा नाही. दुधाच्या पिशवीवर टोन्ड लिहिले आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. टोन्ड दुधात 3 टक्के चरबी असते, डबल टोन्डमध्ये दीड टक्का. पूर्ण साय काढलेले स्किम्ड दूध किंवा त्याची पावडर, तीच चालते. तिचे दही लावून ताकही करता येते.

एक सूचना बँकेच्या सवयीने करतो. प्रथिनांच्या पावडरीचा डबा आणलात तर मागची बारीक अक्षरे वाचा. समोर मोठ्या अक्षरांत प्रोटीन लिहिलेले असते आणि मागे चरबीचा आकडा चांगला दणदणीत निघतो. आमच्याकडे आलेल्या तीन डब्यांपैकी दोन असेच निघाले.

चरबी पूर्ण बंद केली तर उष्मांक कुठून आणायचे? त्यासाठी एमसीटी तेल नावाचा प्रकार आहे. तेलातल्या स्निग्धाम्लांच्या साखळ्या लहान-मोठ्या असतात. लांब साखळ्या लसीकावाहिनीने जातात. आठ-दहा कार्बनच्या मध्यम साखळ्या मात्र साखरेसारख्याच थेट रक्तातून यकृताकडे जातात, फुटक्या नळीला वळसा घालून. एमसीटी तेल म्हणजे वेगळ्या काढलेल्या या मध्यम साखळ्यांचे तेल. ते औषधाच्या दुकानात मिळते, महाग असते, सुरुवातीला एक-एक चमचाच द्यावे लागते नाहीतर पोट बिघडते, आणि त्यात तळण करू नये. ते खोबरेल आणि पाम यांच्या तेलांपासून काढतात हे कळताच आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर लगेच संदेश आला की मग घरचे खोबरेलच द्या की, स्वस्त आणि शुद्ध. तसे करू नये. खोबरेल तेलात आठ आणि दहाच्या साखळ्या थोड्याच असतात. जवळजवळ निम्मा वाटा बारा कार्बनच्या साखळीचा, आणि तिचा बराच भाग नळीनेच जातो. उरलेल्या आणखी लांब साखळ्या तर जातातच.

वहीतला हिशेब असा. चरबी बंद केल्यावर पाचव्या दिवशी 520, सहाव्या दिवशी 430, सातव्या दिवशी 450. रंग दुधाचा जाऊन ढगाळ पाण्यासारखा झाला होता, पण आकडा अडला. तेव्हा डॉक्टरांनी ऑक्ट्रिओटाइड नावाचे इंजेक्शन सुरू केले. ते कातडीखाली दिवसातून तीनदा देतात. त्याने आतड्यातले पाझर आणि लसीकेचा प्रवाह दोन्ही कमी होतात. साखरेवर लक्ष ठेवावे लागते, दादांना मधुमेह असल्याने जास्तच. याच्याही पुढची पायरी म्हणजे तोंडाने आणि नळीने सगळे बंद करून शिरेतून संपूर्ण पोषण देणे. ते दादांना लागले नाही. पण शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला लागले आणि त्याला लावलेली पांढऱ्या द्रवाची पिशवी पाहून त्याचे घरचे घाबरले की बंदी असलेली चरबी ही डॉक्टरच कशी देतात. वहिनींनी त्यांना समजावले. शिरेतून दिलेली चरबी सरळ रक्तात पडते, आतड्यात जातच नाही, मग फुटक्या नळीत कुठून येणार? आम्ही कौतुकाने ऐकत राहिलो.

आणि हे सगळे करून थांबले नाही तर? डॉक्टरांनी तो बेतही आधीच सांगून ठेवला होता. दिवसाला लिटरभर किंवा जास्त येत राहिले, किंवा आठवडाभर उपाय करूनही आकडा उतरला नाही, तर जास्त वाट बघत नाहीत. मान पुन्हा उघडून गळती शोधतात, टाका घालून बांधतात, वर जवळचा स्नायू पांघरतात. तिथे सापडत नसेल तर छातीत उजवीकडून दुर्बिणीने शिरून, पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्याच्या थोडे वर, ती मुख्य नळीच बांधून टाकतात. मुख्य नळी बांधली तर माणूस जगतो कसा, हे आम्ही विचारलेच. लसीकेला शिरांकडे जायला लहान लहान आडवाटा असतात, मुख्य रस्ता बंद झाला की त्या रुंदावतात. 1948 मध्ये लॅम्पसन या अमेरिकन सर्जनने छातीत गळणारी नळी बांधून रुग्ण वाचवल्याचे लिहिले. त्याआधी अशा गळतीचे निम्मे रुग्ण दगावत असत.

अलीकडचा उपाय तर न चिरता होतो. फिलाडेल्फियाच्या कॉन्स्टन्टिन कोप यांनी 1990 च्या दशकात तो रुळवला. जांघेतल्या गाठीत सोनोग्राफीवर बघत सुईने एक खास तेल सोडतात. ते हळूहळू वर चढते आणि एक्स-रेमध्ये नळी आणि गळती दोन्ही उमटतात. मग पोटातून बारीक सुईने नळी गाठून आत धातूची वेटोळी आणि गोंदासारखे औषध भरून ती बुजवतात. कधी कधी नुसत्या त्या तेलानेही गळती बंद होते. ते तेल म्हणजे लिपिओडॉल. फ्रान्समध्ये 1901 पासून बनते, आणि ते आयोडीन मिसळलेले खसखशीचे तेल आहे! हे वाचल्यापासून दाल बाजारातल्या खसखशीच्या पोत्याकडे आम्ही जरा आदराने बघतो. हे काम करणारे रेडिओलॉजिस्ट मोजक्याच मोठ्या केंद्रांत असतात, म्हणून गळती अडून बसली आहे असे वाटले तर अशी सोय जवळ कुठे आहे, हे डॉक्टरांना लवकर विचारावे.

अशीच गळती छातीतही होते. अन्ननलिकेच्या कॅन्सरचे ऑपरेशन, लहान मुलांच्या हृदयाचे ऑपरेशन, अपघात, कधी लिम्फोमा किंवा क्षयरोग, अशी कारणे असतात. तिथे काईल फुप्फुसाभोवती साठतो आणि दम लागतो. इजा पाचव्या मणक्याच्या खाली असेल तर बहुधा उजव्या बाजूला साठतो, वर असेल तर डाव्या, कारण नळीच तिथे बाजू बदलते. आणि ज्यांचे नातेवाईक नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे आहेत त्यांच्यासाठी एक जोड. तिकडे हत्तीरोगाचे जंतू पूर्वीपासून आहेत. ते लसीकावाहिन्या तुंबवतात, आणि कधी काईल मूत्रमार्गात फुटून लघवी दुधासारखी होते. तो आजार वेगळा, उपचारही वेगळे, पण तिथेही तुपकट जेवले की पांढरेपणा वाढतो आणि चरबी कमी केली की उतरतो. कारण तेच.

दादांचा आकडा इंजेक्शननंतर आठव्या दिवशी 260 झाला, दहाव्या दिवशी 120, बाराव्या दिवशी 40, चौदाव्या दिवशी 25. आम्ही म्हटले, आता ड्रेन काढा. डॉक्टर म्हणाले, "अजून एक परीक्षा आहे. आता तुम्ही त्यांना चरबी द्या." आम्ही बघतच राहिलो. गळती खरोखर बुजली आहे की नुसती उपाशी ठेवल्यामुळे कोरडी दिसते आहे, हे कळायला ड्रेन असतानाच पोटात चरबी घालून दिवसभर वाट बघतात. ड्रेन काढल्यावर गळती उघडी पडली तर ते पाणी आत साठते.

सायीसकट दूध आणायला सांगितले. वहिनींनी आणले, पण या वेळी आधी नर्सना दाखवले, मिलिलिटर मोजून वहीत लिहिले आणि मगच पिचकारीने नाकातल्या नळीत सोडले. दादांना बोलता येत नव्हते. त्यांनी पाटीवर लिहिले, "चव?" वहिनी म्हणाल्या, "साय आहे. घरी गेल्यावर सांगते." त्या दिवशी आम्ही पाच जण खोलीत होतो आणि पाचही जणांची नजर दादांच्या चेहऱ्याऐवजी खाटेखालच्या डब्यावर होती. संध्याकाळी 10 मिलिलिटर. दुसऱ्या सकाळपर्यंत एकूण 20, पिवळसर आणि स्वच्छ. सोळाव्या दिवशी ड्रेन निघाला. रेडिएशन सहाव्या आठवड्यात सुरू झाले.